फोकस नेमका गेला कुठे?

या अंकासाठी आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : लेन्स बिघडली आहे, दुरुस्तीला टाकू का? सोबत फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. ज्यांनी मोबाइलवरून आकसलेले फोटो धाडले त्यांच्याकडून मी मूळ फाइल मागवून घेतली, कारण आकसलेल्या फोटोत सगळंच शार्प दिसतं किंवा सगळंच मऊ, म्हणजे धूसर. मी आधी एकच गोष्ट शोधते. या फोटोत कुठेतरी, काहीतरी शार्प आहे का? असेल तर ते कुठे आहे? लेन्स उघडायची की नाही हे त्यावर ठरतं, आणि बहुतेक वेळा स्क्रूड्रायव्हर ड्रॉवरमध्येच राहतो.

प्रश्न : ताई, माझ्याकडे फुल फ्रेम डीएसएलआर आणि ८५ मिमी एफ/१.८ लेन्स आहे. पोर्ट्रेट काढताना फोकस पॉइंट डोळ्यावर ठेवतो, बीप वाजतो, तरी कॉम्प्युटरवर पाहिलं की डोळे मऊ आणि कानाजवळचे केस लख्ख. लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून काढताना) मात्र असं होत नाही. लेन्स सदोष आहे का?

उत्तर : लाइव्ह व्ह्यूचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पण निदान त्यातच आहे. डीएसएलआरच्या (आतल्या आरशातून दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या) व्ह्यूफाइंडरमधून फोकस करताना फोटो टिपणारा सेन्सर त्या कामात नसतोच. मुख्य आरसा थोडा प्रकाश आरपार सोडतो, त्याच्यामागचा छोटा आरसा तो खाली वळवतो आणि कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेला वेगळा एएफ (ऑटोफोकस) सेन्सर फोकस ठरवतो. माउंटपासून (लेन्स बसते त्या कड्यापासून) या सेन्सरपर्यंतची वाट आणि माउंटपासून फोटोच्या सेन्सरपर्यंतची वाट तंतोतंत सारखी हवी. छोट्या आरशाचा कोन किंचित ढळला, तरी एएफ सेन्सर खुशाल 'झालं' म्हणून बीप देतो आणि प्रतिमा भलतीकडे शार्प पडते. लाइव्ह व्ह्यूमध्ये आरसा वर असतो, फोकस थेट फोटोच्या सेन्सरवर तपासला जातो, म्हणून तिथे ही चूक उरत नाही. तुमच्या लेन्सची काच ठणठणीत आहे. या बॉडीचं आणि या लेन्सचं मोजमाप जुळत नाही, एवढंच. फोकस डोळ्यामागे पडतो आहे, म्हणजे हा बॅक फोकस. डोळ्यांऐवजी नाकाचा शेंडा शार्प आला असता तर फ्रंट फोकस म्हटलं असतं.

पण सेटिंगला हात लावण्याआधी दोन शंका फेडून घ्या. तुम्ही मधल्या पॉइंटने डोळा पकडून मग फ्रेम वळवता का? दीड मीटरवरून कॅमेरा १५ अंश वळवला की फोकसचं प्रतल (जिथे सगळं शार्प येतं तो पातळ थर) डोळ्याच्या सुमारे ५ सेंमी मागे जातं. ८५ मिमी लेन्सला एफ/१.८ वर, म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) पूर्ण उघडं असताना, त्या अंतराला शार्प दिसणारी खोली एकूण साडेतीन सेंमीच्या आसपास असते. म्हणजे डोळा हातचा गेलाच. अशा वेळी डोळ्याच्या जवळचा पॉइंट निवडा, कॅमेरा वळवू नका. दुसरी शंका : बीप आणि क्लिक यांच्यामध्ये कोण हललं? समोरचा माणूस श्वास सोडताना मागे रेलतो, आपण पुढे झुकतो, आणि सिंगल फोकस मोडमध्ये तो आधीचा फोकस तसाच लॉक राहतो. उभ्या माणसाचं पोर्ट्रेट असेल तर सरळ कंटिन्युअस मोड लावा.

हे दोन्ही नसेल तर चाचणी. कॅमेरा ट्रायपॉडवर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, अंतर तुम्ही नेहमी पोर्ट्रेट काढता तेवढंच. समोर जाड काळ्या अक्षरांचा कागद सरळ उभा, कॅमेऱ्याला समांतर. त्याच्या अगदी शेजारी एक पट्टी तिरकी टेकवून ठेवा, म्हणजे फोकस पुढे गेला की मागे ते आकड्यांवर वाचता येईल. बरेच जण त्या तिरक्या पट्टीवरच फोकस करतात आणि मग निकाल दर वेळी वेगळा येतो. तो येणारच, कारण व्ह्यूफाइंडरमधला चौकोन जेवढा दिसतो त्यापेक्षा सेन्सरचं खरं क्षेत्र बरेचदा मोठं असतं आणि पट्टीवरचा नेमका कुठला आकडा त्याने उचलला हे तुम्हाला कळत नाही. प्रत्येक फोटोआधी रिंग फिरवून फोकस मुद्दाम बिघडवा, एकदा जवळून, एकदा लांबून. मग हाफ प्रेस, म्हणजे शटरचं बटण अर्धं दाबा. एका फोटोवर विश्वास ठेवू नका. फोकस दर वेळी त्याच बाजूला तेवढाच चुकत असेल तरच ती जुळणीची चूक. कधी पुढे, कधी मागे पडत असेल तर कुठलाही आकडा ती दुरुस्त करू शकत नाही. तिथे प्रकाश कमी आहे, समोरच्या वस्तूला ठळक कडा नाहीत किंवा लेन्सच्या यंत्रणेतच ढिलाई आली आहे.

कॅननमध्ये 'एएफ मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट' आणि निकॉनमध्ये 'एएफ फाइन ट्यून' नावाचा पर्याय असतो, उणे २० ते अधिक २० असा. उणे म्हणजे फोकस कॅमेऱ्याकडे ओढणं, अधिक म्हणजे लांब ढकलणं. तुमचा बॅक फोकस आहे, तेव्हा उणे बाजूला जा. एकेका घराने सरकत बसू नका. आधी उणे १० लावून पाहा, फोकस पुढे गेला तर उणे ५, असं मधोमध गाठत आणा. चाचणी दिवसाच्या उजेडात करा, किंवा तुम्ही ज्या दिव्याखाली काम करता त्या दिव्याखाली, कारण प्रकाशाच्या रंगानेही एएफ सेन्सरचा अंदाज थोडा इकडेतिकडे होतो. आकडा २० ला जाऊन टेकला आणि तरी पुरला नाही, तर मात्र बॉडी आणि लेन्स दोन्ही एकत्र सर्व्हिस सेंटरला द्या. एकटी लेन्स दिली तर ते ती त्यांच्या प्रमाण बॉडीवर बसवून 'ठीक आहे' म्हणून परत पाठवतील, आणि त्यांचंही चूक नसेल.

सुरुवातीच्या श्रेणीतल्या पुष्कळ बॉडींमध्ये हा पर्याय दिलेलाच नसतो. तिथे स्थिर विषयासाठी लाइव्ह व्ह्यू हाच इलाज, आणि तो अजिबात कमीपणाचा नाही.

प्रश्न : मिररलेस घेतला की ही कटकट संपते, असं दुकानदार म्हणाला. खरं का?

उत्तर : ही कटकट संपते. मिररलेसमध्ये आरसाच नसतो, फोकस फोटोच्याच सेन्सरवर ठरतो, त्यामुळे दोन वाटा जुळवण्याचा प्रश्नच नाही. पण फोकस कधीच चुकणार नाही, असं कोणी सांगितलं असेल तर तो विक्रीचा उत्साह समजा. पुष्कळ मिररलेस सेन्सरांवरचे फेज पिक्सेल (फोकस ठरवणारे ठिपके) फक्त उभ्या कडा नीट ओळखतात. नुसत्या आडव्या रेघा, म्हणजे खिडकीच्या पट्ट्या किंवा क्षितिजाची रेघ समोर असेल तर ते चाचपडतात. कॅमेरा थोडा तिरपा करा, फोकस घ्या, पुन्हा सरळ करा. दोन सेकंदांचं काम.

प्रश्न : मुलीच्या नृत्याच्या कार्यक्रमाचे फोटो पाठवते आहे. एकही शार्प नाही. नवी लेन्स आहे, फोकस होत नसेल तर वॉरंटीत बदलून मिळेल का?

उत्तर : मिळणार नाही, आणि मिळून उपयोगही नाही. तुमच्या फोटोत मुलीच्या पायाशी स्टेजच्या फळ्या पाहा. फळ्यांमधल्या फटी, एक खिळासुद्धा स्वच्छ दिसतो. खिळा तिच्या पावलाइतक्याच अंतरावर आहे. म्हणजे फोकस बरोबर जागी होता. कानातल्या चमकत्या खड्याची एक बारीक रेघ झाली आहे. फोकस चुकला असता तर त्या खड्याचा गोल, पसरट ठिपका झाला असता. रेघ म्हणजे हालचाल. फाइलमधल्या नोंदीनुसार शटर १/६० सेकंद होता. नाचासाठी १/५०० च्या खाली येऊ नका, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) लागेल तेवढा चढू द्या. दाणेदार फोटो चालतो, ओघळलेला चेहरा चालत नाही.

लेन्समधलं स्टॅबिलायझेशन चालू होतं, हे तुम्ही आवर्जून लिहिलंत. ते तुमच्या हाताची थरथर आवरतं. नाचणाऱ्या पोरीला ते काय आवरणार?

प्रश्न : मी अकरावीत आहे. काकांनी मला निकॉन डी३५०० दिला. त्यावर जुनी ५० मिमी एफ/१.८ डी लेन्स घेतली, तर ती ऑटोफोकस करतच नाही. मोटर जळली असेल का?

उत्तर : अरे, त्या लेन्समध्ये मोटर नाहीच, जळेल कुठून? लेन्स काढून तिची मागची धातूची कडी बघ. तिथे खाचेच्या पेचासारखं एक बारीक टोक दिसेल. जुन्या पद्धतीत मोटर कॅमेऱ्याच्या बॉडीत असायची आणि माउंटमधून बाहेर आलेला दांडा या पेचात बसून लेन्स फिरवायचा. तुझ्या बॉडीत तो दांडा दिलेला नाही. डी७००० च्या घराण्यातल्या बॉडींत तो आहे, तिथे हीच लेन्स करकर आवाज करत फोकस करेल. कॅननने १९८७ मध्ये ईओएस आणताना जुना माउंट सोडून दिला आणि मोटर प्रत्येक लेन्समध्येच घातली. निकॉनने १९५९ चा एफ माउंट राखला, म्हणून तुला काकांच्या काळातली लेन्स आज बसवता तरी येते. दोन्हीचे फायदे, दोन्हीचे तोटे.

तेव्हा रिंग हाताने फिरव. पण डोळ्यावर विसंबू नकोस. या कॅमेऱ्यांचा फोकसिंग स्क्रीन उजळ दिसावा म्हणून बनवलेला आहे, एफ/१.८ ची खरी उथळ खोली तो दाखवत नाही. व्ह्यूफाइंडरच्या खाली डावीकडे एक गोल ठिपका आहे. निवडलेल्या पॉइंटवर फोकस आला की तो स्थिर पेटतो. आता गंमत अशी की रिंग थोडी पुढेमागे केली तरी तो पेटलेलाच राहतो. म्हणून एका बाजूने ये, ठिपका कुठे पेटला ते लक्षात ठेव, तसाच पुढे जाऊन कुठे विझला ते बघ, आणि रिंग त्या दोन्हींच्या मधे आण. सवय झाली की हे बोटांना आपोआप जमतं. आणि हो, अ‍ॅपर्चरची रिंग २२ वर नेऊन लॉक कर, नाहीतर स्क्रीनवर 'एफईई' दिसेल आणि कॅमेरा फोटोच घेणार नाही. तेव्हाही लेन्स बिघडली म्हणून मला लिहू नकोस!

प्रश्न : फोटो शार्प येतात, पण व्ह्यूफाइंडरमधून सगळं अस्पष्ट दिसतं. प्रिझम बदलावा लागेल का?

उत्तर : आयपीसच्या शेजारचं छोटं चाक फिरवा. समोरच्या दृश्याकडे बघू नका, व्ह्यूफाइंडरमधले आकडे आणि चौकोन सुईसारखे दिसेपर्यंत फिरवा. बॅगेत घासून ते सरकतं. चष्मा लावून फोटो काढत असाल तर चष्मा लावूनच जुळवा.

प्रश्न : पक्ष्यांचे फोटो काढतो. डीएसएलआरवर १५०-६०० मिमी एफ/६.३ लेन्सला २एक्स टेलिकन्व्हर्टर लावल्यापासून फोकस पुढे-मागे धावत राहतो, पकडत नाही. कन्व्हर्टर काढूनही दुपारी तळ्याकाठचे सगळे फोटो मऊ. लेन्सला बुरशी लागली असेल?

उत्तर : तुमच्या दोन तक्रारी आहेत आणि त्यांची कारणं वेगळी आहेत, बुरशी दोन्हीत नाही.

२एक्स कन्व्हर्टर (लेन्समागे बसून प्रतिमा दुप्पट मोठी करणारी भिंगं) दोन स्टॉप खातो, म्हणजे प्रकाश एक चतुर्थांशच उरतो. एफ/६.३ ची एफ/१२.६ झाली. डीएसएलआरचा एएफ सेन्सर लेन्सच्या दोन कडांकडून येणारे किरण ताडून पाहतो. बहुतेक पॉइंट एफ/५.६ पर्यंत चालतात, काही बॉडींत मधला पॉइंट एफ/८ पर्यंत. त्यापलीकडे सेन्सरला पुरेसा प्रकाशच दिसत नाही आणि लेन्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत राहते. हा बिघाड नव्हे, ती त्या यंत्रणेची मर्यादा आहे. कन्व्हर्टर ठेवायचाच असेल तर लाइव्ह व्ह्यू, ट्रायपॉड आणि निवांत बसलेला पक्षी. नाहीतर कन्व्हर्टर विकून टाका. नवीन मिररलेस बॉडी एफ/११ वर आणि काही त्याहीपलीकडे फोकस घेतात, पण त्यासाठी नवी बॉडी घ्या, असं मी सांगणार नाही. कन्व्हर्टरशिवाय काढून क्रॉप केलेला फोटो बरेचदा जास्त चांगला निघतो.

दुपारचं प्रकरण मात्र हवेचं आहे. तुम्ही एकाच बगळ्याचे ओळीने काढलेले फोटो पाठवले म्हणून ते कळलं. एका फोटोत चोच ठीक आहे आणि पाय विरघळले आहेत; लगेच पुढच्या फोटोत पाय ठीक आणि मान वाकडी. लेन्सचा दोष असा फ्रेमगणिक जागा बदलत नाही. तापलेल्या जमिनीवरून आणि काठावरच्या दगडांवरून उठणारी गरम हवा प्रकाशाला वेडंवाकडं वळवते, आणि ६०० मिमी लेन्स ते सगळं मोठं करून दाखवते. महागातली महाग लेन्सही त्यातून सुटत नाही. सकाळी लवकर जा, जवळ जा. गाडीतून काढत असाल तर काच उघडून एसी बंद करा आणि आतली-बाहेरची हवा एकसारखी झाल्यावरच कॅमेरा उचला.

लेन्सवरचा फोकस लिमिटर लांबच्या टप्प्यावर ठेवा, म्हणजे फोकस चुकलाच तर लेन्स जवळच्या टोकापर्यंत फेरी मारून येणार नाही. आणि पुढचा तो यूव्ही फिल्टर काढा. एवढ्या लांब फोकल लेंग्थसमोर साधी काच म्हणजे विकतचं दुखणं. पोलरायझर वापरत असाल तर तो सर्क्युलर आहे ना ते पाहा. जुने लिनियर पोलरायझर डीएसएलआरच्या अर्धपारदर्शक आरशाशी जुळत नाहीत आणि एएफ तसंच एक्स्पोजर, दोन्ही गोंधळतात.

प्रश्न : माझ्या झूम लेन्सने काढलेल्या प्रत्येक फोटोची डावी बाजू मऊ येते. मधलं आणि उजवीकडचं उत्तम. फोकस कुठेही ठेवला तरी तेच.

उत्तर : या महिन्यातलं हे पहिलं पत्र, ज्याला मी 'दुरुस्तीला द्या' म्हणणार आहे. पण आधी खात्री करा. भिंतीसमोर उभं राहून पाहू नका, कारण कॅमेरा भिंतीला अगदी समांतर ठेवणं वाटतं तितकं सोपं नाही. त्यापेक्षा पुष्कळ लांबचं, फ्रेमभर बारीक तपशील असलेलं दृश्य निवडा. ट्रायपॉडवर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून एक फोटो घ्या. मग कॅमेरा उलटा करून दुसरा घ्या. दोन्ही फोटो कॉम्प्युटरवर न फिरवता बघा. मऊपणा दोन्ही फोटोंत डाव्याच बाजूला राहिला तर तो लेन्सबरोबर फिरतो आहे, म्हणजे आतलं एखादं भिंग कलंडलं किंवा केंद्रापासून सरकलं आहे. मऊपणा दृश्याबरोबर उजवीकडे गेला तर लेन्स निर्दोष.

पडलेल्या झूममध्ये हे सर्रास आढळतं. बाहेरून ओरखडाही नसतो. हे घरी उघडू नका, असं मी हात जोडून सांगते. भिंगांच्या कडेला बारीक शिम (जागा जुळवणाऱ्या पातळ चकत्या) असतात, त्यांची जागा चुकली की एका बाजूचा दोष चारी बाजूंना पसरतो. किती लहान चूक किती महाग पडते याचं मोठं उदाहरण हबल दुर्बिणीचं आहे. १९९० मध्ये ती अवकाशात गेली आणि चित्रं धूसर आली. आरसा घासताना तपासणीच्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिमी चुकीच्या अंतरावर बसलं होतं, त्यामुळे आरशाची कड सुमारे २.२ मायक्रॉनने जास्त सपाट झाली. फोकस पुढेमागे करून तो दोष जाण्यासारखा नव्हता. १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी वर जाऊन तो दुरुस्त करणारी उपकरणं बसवली. तुमची लेन्स टेबलावर दुरुस्त होते, फक्त ते टेबल ऑप्टिकल बेंच असलेलं पाहिजे.

दुरुस्तीपर्यंत काम अडत असेल तर एफ/८ वर काढा. डावी बाजू पूर्ण सुधारणार नाही, पण बरीच झाकली जाईल. एफ/२२ पर्यंत मात्र जाऊ नका, तिथे डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) सगळीच फ्रेम मऊ होते.

प्रश्न : आजोबांची एम४२ स्क्रू माउंटची ५० मिमी लेन्स अडॅप्टरने निकॉन डीएसएलआरवर लावली. जवळचं सुंदर दिसतं, पण दोन मीटरपुढचं काहीच फोकस होत नाही. रिंग अडकली आहे का?

उत्तर : रिंग मोकळी आहे, जागा कमी पडते आहे. एम४२ लेन्स सेन्सरपासून ४५.४६ मिमीवर बसावी, असं गृहीत धरून बनवलेली आहे. निकॉन एफ माउंटचं हे अंतर ४६.५ मिमी. म्हणजे अडॅप्टर बसवण्याआधीच लेन्स १ मिमीने जास्त पुढे. ५० मिमी लेन्स एवढीशी पुढे सरकली की रिंग अनंतावर नेऊनही अडीच मीटरपलीकडचं काही शार्प होत नाही, आणि वर अडॅप्टरची जाडी. काच असलेले अडॅप्टर मिळतात, त्यांनी अनंत गाठता येतं, पण मधली ती स्वस्त काच आजोबांच्या लेन्सची चव घालवते. मी ते वापरत नाही.

त्यापेक्षा हीच लेन्स मिररलेसवर लावा. सोनी ई माउंटचं अंतर १८ मिमी, निकॉन झेडचं १६ मिमी. मधे भरपूर जागा उरते आणि अडॅप्टर म्हणजे नुसती पोकळ नळी. ती नळी योग्य मापापेक्षा किंचित आखूड निघाली तर उलटं होतं : लेन्स अनंताच्याही पुढे जाते. त्याने काही बिघडत नाही, फक्त रिंगवरच्या आकड्यांवर भरवसा ठेवायचा नाही. पुष्कळ ऑटोफोकस लेन्सही मुद्दाम अनंतापुढे थोड्या जाऊ शकतील अशा बनवलेल्या असतात, तापमानाने धातू आणि काच फुगते-आकसते म्हणून. ताऱ्यांचे फोटो काढायला निघालेले लोक रिंग शेवटच्या टोकापर्यंत नेतात आणि तारे बटणाएवढे येतात, त्याचं कारण हेच. ठळक तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये १० पट मोठा करा, तो सर्वांत बारीक टिंब होईपर्यंत रिंग फिरवा, आणि रिंग पुन्हा हलू नये म्हणून तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावा.